दोन मोठ्या रेसच्या मधले सोळा आठवडे: रेस वॉकरने ट्रेनिंग कसं लावायचं

धावणारा दमला की हळू होतो, बस एवढंच. आपण रेस वॉकर, म्हणजे ठरलेल्या नियमांत भरभर चालायची शर्यत करणारे, दमलो की आधी टेक्निक जातं आणि टेक्निक गेलं की नुसती वेळ बिघडत नाही, जज थेट रेसमधून बाहेर काढतात. मला एका मोठ्या रेसमध्ये सतराव्या किलोमीटरला तिसरं लाल कार्ड (जजने नोंदवलेली टेक्निकची चूक) लागलं, तेव्हा श्वास ठीक होता, हार्ट रेट ठीक होता, अंगात दमही शिल्लक होता, फक्त उजवा गुडघा सरळ होत नव्हता आणि मला स्वतःला ते जाणवतसुद्धा नव्हतं. त्या सीझनला मी आधीपेक्षा जास्त किलोमीटर चालले होते, म्हणून जास्तच लागलं मनाला.

तेव्हापासून मी प्लॅन दुसऱ्या टोकापासून लावते. आधी प्रश्न हा की कुठल्या पेसला, किती वेळ माझं चालणं जजच्या डोळ्याला साफ दिसतं, आणि किलोमीटर, इंटरव्हल (मधे आराम घेत भरभर चालायचे तुकडे), जिम हे सगळं त्या उत्तराच्या मागून. खाली जे लिहितेय ते २० किमी १ तास ४० मिनिटांत म्हणजे ५:०० प्रति किमीने चालायचं टार्गेट असलेल्या आणि दोन रेसमध्ये साधारण १६ आठवडे मिळालेल्या वॉकरसाठी आहे. तुमचा पेस वेगळा असेल तर आकडे त्या हिशोबाने सरकवा. वर्ल्ड अॅथलेटिक्सने २०२६ पासून आपल्या चॅम्पियनशिपमध्ये २० आणि ३५ किमीच्या जागी हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन अंतरं आणली आहेत, पण २० वरून २१.१ ला जाणाऱ्याला प्लॅनमध्ये फार उलथापालथ करायची गरज नाही, शेवटची साडेपाच मिनिटं वाढतात, लाँग वॉक दोन-तीन किमीने वाढवला की झालं.

पहिले दहा-बारा दिवस: अंग सोडून द्या, कागद मात्र हातात घ्या

रेसनंतर चार-पाच दिवस रेस वॉक अजिबात नको. साधं फिरणं, पोहणं, हलकी सायकल, भरपूर झोप. सहाव्या-सातव्या दिवशी ३०-४० मिनिटं अगदी आरामात चाला, आणि बाराव्या दिवसापर्यंत कुठलाही फास्ट सेट नाही. पाय तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मोकळे वाटायला लागतात आणि इथेच लोक फसतात, कारण हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आणि नडगीचा स्नायू आतून अजून सावरलेले नसतात. मग तिसऱ्या आठवड्यात दुखणं सुरू होतं आणि दोष शूजवर जातो.

याच दिवसांत एक काम नक्की करायचं, जजिंगची समरी शीट मिळवायची. रेसनंतर त्यात प्रत्येक जजने कोणाला, कुठल्या कारणासाठी, किती वाजता पिवळं पॅडल दाखवलं आणि लाल कार्ड दिलं हे सगळं लिहिलेलं असतं. आपल्या नंबरची ओळ काढा आणि त्या वेळा आपल्या स्प्लिटशेजारी (प्रत्येक किमीच्या वेळेशेजारी) मांडा. यातून जे कळतं ते कुठलं घड्याळ सांगत नाही.

नियम दोनच आहेत. एक, कॉन्टॅक्ट, म्हणजे उघड्या डोळ्याला दिसेल असे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत. दोन, पुढचा पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून तो शरीराच्या बरोबर खाली उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघा सरळच हवा. पिवळ्या पॅडलवर नागमोडी रेघ म्हणजे कॉन्टॅक्ट, कोनाची खूण म्हणजे गुडघा. पिवळं पॅडल ही फक्त सूचना असते. लाल कार्ड मात्र तुम्हाला तोंडावर कोणी दाखवत नाही, ते बोर्डावर लागतं, आणि तीन वेगवेगळ्या जजची तीन झाली की खेळ संपतो, किंवा पेनल्टी झोन असेल तर २० किमीला २ मिनिटं तिथे थांबावं लागतं आणि चौथ्या कार्डाला बाहेर.

आता शीट वाचा. कार्डं पहिल्या ५ किमीत असतील तर तुम्ही स्टार्टला वाहवत गेलात, अंगातलं टेक्निक कदाचित ठीकच आहे. शेवटच्या ५ किमीत असतील तर थकवा, म्हणजे ताकद आणि लांब अंतराचं काम कमी पडलं. ओव्हरटेक करताना किंवा वळणावरून बाहेर पडताना असतील तर अचानक स्पीड वाढवायची सवय. आणि सगळ्या जजनी एकच खूण दाखवली असेल तर वाद घालू नका, पुढचे १६ आठवडे कशावर काम करायचं ते त्यांनी सांगितलेलं आहे. माझ्या शीटवर पहिलं पिवळं पॅडल बाराव्या किमीलाच होतं, गुडघ्याचं, आणि मी ते पाहूनही नुसता स्पीड कमी केला होता, पाऊल तेवढंच लांब ठेवलं होतं.

व्हिडिओ: प्लॅनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम

मोबाईल स्लो मोशनला, सेकंदाला २४० फ्रेमवर. ट्रॅकच्या किंवा रस्त्याच्या बाजूला ६-७ मीटरवर, कंबर ते गुडघा या उंचीवर, स्टँडवर पक्का ठेवा आणि तुमच्यासोबत फिरवू नका, तुम्ही फ्रेममधून सरळ पार व्हा. कोणी वरून हातात धरून काढलेला व्हिडिओ इन्स्टाला चांगला, टेक्निकला निरुपयोगी.

२४० मध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलीसेकंद. माणसाच्या डोळ्याला दोन्ही पाय हवेत असल्याचं साधारण ४० मिलीसेकंदांच्या पुढे दिसायला लागतं, म्हणजे दहा-एक फ्रेम. टॉपच्या वॉकरचेही पाय स्लो मोशनमध्ये थोडे हवेत असतातच, त्याला घाबरू नका, जज कॅमेऱ्याने बघत नाहीत, डोळ्याने बघतात. पण आपली हद्द मी सात फ्रेम धरते. ताजे असताना नऊ फ्रेम असतील तर अठराव्या किमीला काय होईल याचा अंदाज करा. गुडघ्यासाठी फक्त दोन फ्रेम थांबवून बघायच्या, टाच टेकली ती आणि पाय कंबरेच्या बरोबर खाली आला ती, आणि मधल्या भरभर पुढे ढकलत जायच्या, कुठे गुडघा मऊ पडतोय का.

हे तीन वेळा करा: वॉर्मअपनंतर, मुख्य सेटच्या मधे आणि सगळ्यात शेवटच्या रेपला (रेप म्हणजे ठरलेल्या अंतराची एक फेरी). पहिला व्हिडिओ सगळ्यांचाच छान असतो. मला शेवटच्याशी मतलब असतो. आठवड्यातून एकदा पुरे, पण न चुकता, आणि जुने व्हिडिओ डिलीट करू नका कारण दहाव्या आठवड्यात दुसऱ्या आठवड्याशी तुलना करायला ते लागतात.

गुडघा वाकत असेल तर बहुतेक वेळा पाऊल पुढे फार लांब पडतंय. लोक स्पीडसाठी पाय पुढे फेकतात, टाच शरीराच्या खूप पुढे टेकते, तिथे ब्रेक लागतो आणि तो धक्का गिळायला गुडघा वाकतो. उपाय असा की पुढचं पाऊल आखूड करा आणि लांबी मागून मिळवा, म्हणजे मागचा पाय जमिनीवर जास्त वेळ राहू द्या आणि कंबर पुढे फिरू द्या. टाच टेकताना पंजा वर हवा, त्यासाठी नडगीचा पुढचा स्नायू मजबूत लागतो. हॅमस्ट्रिंग आखडलेली असली तरी गुडघा शेवटपर्यंत उघडत नाही, ते वेगळं तपासा.

कॉन्टॅक्ट जात असेल तर आधी खांदे बघा. खांदे वर चढलेत, हात छातीच्या वर येतायत, कोपराचा कोन खूप आवळलाय, की शरीर उड्या मारायला लागतं. दुसरं, मागचा पाय पुढे आणताना गुडघा उंच उचलला जातोय का, तो जमिनीलगत, खालून यायला हवा. हात कंबरेच्या हाडाजवळून मागे जाऊ द्या, मूठ सैल. हे वाचायला सोपं वाटतं पण एका वेळी एकच गोष्ट सुधारा, मी एकदा चार गोष्टी एकत्र बदलायला गेले आणि तीन आठवडे धड काहीच जमलं नाही.

ड्रिल रोज दहा मिनिटं, वॉर्मअपमध्येच: गुडघे ताठ ठेवून टाचांवर छोटी पावलं, एका रेषेवर चालताना हात समोर क्रॉस करून कंबर फिरवणं, दोन्ही हात मागे बांधून ५० मीटर, आणि ३० सेकंद अतिशय छोटी अतिशय भरभर पावलं. शेवटचं सगळ्यात उपयोगी. टॉपचे वॉकर मिनिटाला २०० च्या आसपास पावलं टाकतात, आपल्यासारख्यांना १८५-१९० आली तरी खूप झालं, आणि पावलं भरभर पडली की पाऊल लांब टाकायचा मोह आपोआप कमी होतो.

बेस: तिसरा ते आठवा आठवडा

साध्या सीझनला आठवड्याला ८०-८५ किमी करत असाल तर ५५-६० ने सुरू करा, तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथा हलका, मग परत वर, असं आठव्या आठवड्यात ९० पर्यंत. माझा आठवडा असा असतो: सोमवार पूर्ण आराम. मंगळवार ड्रिल आणि १२ वेळा २०० मीटर, भरभर पण सैल, मधे २०० मीटर आरामात. बुधवार १२-१४ किमी इझी. गुरुवार ३ किमीचे तीन रेप, मधे ३ मिनिटं. शुक्रवार ८ किमी आणि जिम, शनिवार १०-१२ इझी, रविवार लाँग वॉक, १६ पासून २५ किमीपर्यंत.

पेसचं म्हणाल तर इझी म्हणजे ५:५० ते ६:१५ आणि तेवढ्या वेळात सलग गप्पा मारता आल्या पाहिजेत. लाँग वॉक ५:४० च्या आसपास. गुरुवारचे रेप ४:५२-४:५५, म्हणजे साधारण तासभर टिकेल असा जोर. इझी दिवशीसुद्धा टेक्निक रेसचंच हवं, हे मला फार उशिरा कळलं, कारण ६:१५ ला आळसाने गुडघे वाकवून चाललात तर आठवड्यातले पन्नास किमी तुम्ही चुकीचं चालणं पक्कं करताय. नीट टेक्निकने इतकं हळू चालता येत नसेल तर त्या दिवशी अंतर कमी करा किंवा सरळ सायकल चालवा.

एक नियम मी या टप्प्यापासून अगदी कडक पाळते. टेक्निक तुटलं की सेट थांबवायचा. दहा रेप ठरलेत आणि आठव्याला पार्टनर म्हणाला गुडघा गेला, तर नववा होत नाही. सुरुवातीला फार जड जातं, अपुरं सोडल्यासारखं वाटतं, पण मोडक्या टेक्निकने केलेले दोन रेप फिटनेस थोडासा देतात आणि सवय वाईट लावतात, तो सौदा आपल्या खेळात परवडत नाही.

रेसचं खास काम: नववा ते चौदावा आठवडा

इथे किलोमीटर वाढवायचे नाहीत, ९० च्या आसपास राहू द्या, पण त्यातले जास्तीत जास्त रेसच्या पेसला आणायचे. आठवड्यात दोन मोठे सेशन आणि एक लाँग वॉक, बाकी सगळं खरंच इझी.

मंगळवारी १ किमीचे ८ ते १० रेप ४:४५-४:५० ने, मधे ९० सेकंद. किंवा दर दुसऱ्या आठवड्याला ४०० चे १५. शुक्रवारी रेस पेसचं काम आणि हे हळूहळू लांबवत न्यायचं: आधी २ किमीचे पाच ५:०० ने, मधे २ मिनिटं, मग ३ चे चार, मग ४ चे तीन, मधे फक्त १ किमी आरामात चालत, आणि तेराव्या आठवड्यात सलग १२ किमी ५:०० ते ५:०३. रविवारी २२-२५ किमी, त्यातले शेवटचे ५ किमी ५:१५ ने, कारण दमलेल्या पायांवर गुडघा सरळ ठेवायची प्रॅक्टिस दुसऱ्या कुठल्याच सेशनमध्ये मिळत नाही. माझ्यासाठी सगळ्यात फरक याच पाच किमींनी पाडला, आणि शेवटच्या रेपचा व्हिडिओ मी इथेच काढते.

शुक्रवारचं सेशन १ किंवा २ किमीच्या लूपवर करा, मोठ्या रेस तशाच लूपवर होतात. यू टर्नची प्रॅक्टिस ठेवा. वळणात शिरायच्या आधी पावलं छोटी, बाहेर पडताना लगेच स्पीड घ्यायचा नाही, २०-३० मीटरमध्ये हळूहळू. बाटली उचलायची प्रॅक्टिससुद्धा याच लूपवर, कारण बाटलीकडे हात लांबवताना खांदा वर जातो आणि कॉन्टॅक्ट सुटतो.

मेन रेसच्या चार आठवडे आधी म्हणजे बाराव्या आठवड्याच्या शेवटी जज असलेली १० किमीची एक रेस मिळत असेल तर ती करा, त्या आठवड्यातलं शुक्रवारचं सेशन सोडून. टाइमसाठी नाही, शीटसाठी. आणि टार्गेट पेस त्या शीटवरून परत ठरवा. ५:०० ला दोन कार्डं आली आणि ५:०५ ला व्हिडिओ साफ असेल तर मेन रेस ५:०५ ने सुरू करायची. पेनल्टीची दोन मिनिटं वाचवायला किमीमागे पाच सेकंद म्हणजे २० किमीत एकूण १०० सेकंद द्यावे लागतात, हिशोब साधा आहे.

जिम आणि नडगी

आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं पुरतात. रोमानियन डेडलिफ्ट, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, एका पायावर काफ रेज, साइड प्लँक, आणि भिंतीला पाठ टेकून पंजे वर उचलणं, २५ चे तीन सेट. शेवटचे दोन आठवडे वजन नाही.

नडगीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला सुरुवातीला जळजळ होते आणि १५-२० मिनिटांत जाते, ती स्नायूची, तिच्यासाठी पहिले २ किमी खूपच हळू करा. हाडाच्या आतल्या कडेला एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, किंवा आराम करतानाही दुखत असेल, तर चालणं बंद करून डॉक्टरकडे जा, तो स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो. चालताना दर वेळी ठरावीक वेळाने नडगी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर पडत असेल तर तेही दाखवायचंच.

खाणं, पाणी, ऊन

कार्बोहायड्रेट बंद करून फॅटवर चालायचं फॅड वॉकरमध्येही आलं होतं. पण लुईस बर्क आणि त्यांच्या टीमने ऑस्ट्रेलियात टॉपच्या रेस वॉकरवरच तीन आठवड्यांचा अभ्यास केला, २०१७ मध्ये तो छापून आला. लो कार्ब गट फॅट जास्त जाळायला लागला खरा, पण त्याच स्पीडला त्यांना ऑक्सिजन जास्त लागायला लागला आणि १० किमीचा टाइम सुधारला नाही, भरपूर कार्ब खाणाऱ्यांचा मात्र सुधारला. आपल्याच खेळातला पुरावा आहे, अजून काय हवं. मोठ्या सेशनच्या आधी आणि नंतर कार्ब पोटभर, रेसच्या आधीचे दीड दिवस वजनाच्या किलोमागे दिवसाला ८-१० ग्रॅम, आणि रेसमध्ये तासाला ४०-६० ग्रॅम जेल किंवा ड्रिंकमधून. पोटाला याची सवय शुक्रवारच्या सेशनमध्ये लावायची, रेसला पहिल्यांदा नाही.

पाणी किती प्यायचं हे स्वतःवर मोजा. सेशनच्या आधी आणि नंतर घाम पुसून कमी कपड्यात वजन करा. तासात १.१ किलो कमी झालं आणि ४०० मिली प्यायलात तर घाम दीड लिटर. रेसमध्ये सगळा भरून काढता येत नाही, पण निम्मा तरी धरा.

रेस उन्हात असेल तर १० ते १४ दिवस रोज तासभर गरमीत इझी चाला, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो. हा फायदा दोन-तीन आठवड्यांत उतरतो, त्यामुळे तेराव्या आठवड्याच्या आधी करून उपयोग नाही.

आणि मुलींसाठी मुद्दाम: ट्रेनिंग वाढल्यावर पाळी थांबली तर ते फिट झाल्याचं लक्षण समजू नका, खाणं कमी पडतंय आणि हाडं धोक्यात आहेत. बेसच्या सुरुवातीला हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

शेवटचे दोन आठवडे

पंधराव्या आठवड्यात अंतर साधारण एक तृतीयांश कमी, सोळाव्यात निम्म्याच्या खाली. सेशनचा जोर तसाच ठेवायचा, रेप कमी करायचे. रेसच्या दहा दिवस आधी २ किमीचे तीन रेस पेसला, चार दिवस आधी १ किमीचे चार. ड्रिल रोज. या दिवसांत पाय जड वाटतात, झोप उडते, उगाच एखादी नडगी दुखल्यासारखी वाटते, आणि मग माणूस चेक करायला म्हणून एक फास्ट १० किमी मारून येतो. ते करू नका. नवीन शूज नकोत, नवीन टेक्निक तर अजिबात नको.

रेसला पहिले ३ किमी टार्गेटपेक्षा ४-५ सेकंद हळू. स्टार्टला सगळे एका घोळक्यात असतात आणि घोळक्यात आपण दुसऱ्याच्या पावलावर चालायला लागतो, म्हणून बाहेरच्या कडेने राहा. दर लूपला बोर्ड बघा, किंवा कोचला बघायला सांगा. गुडघ्याचं पॅडल दिसलं तर पाऊल आखूड करा आणि पावलांचा ताल तोच ठेवा. कॉन्टॅक्टचं दिसलं तर खांदे खाली, हात खाली, पुढचे २०० मीटर कोणालाही ओव्हरटेक करायचं नाही. दोन लाल कार्डं लागली की किमीमागे ८-१० सेकंद सोडून द्या. आणि पेनल्टी झोनमध्ये जावंच लागलं तर ती दोन मिनिटं पाय हलते ठेवा आणि बाहेर पडल्यावर पहिली तीनशे मीटर इझी पेसला चाला. थंड पायांनी गेलेला वेळ भरून काढायला जाताना गुडघा लगेच वाकतो, आणि तेव्हा हाताशी एकही कार्ड शिल्लक नसतं.